जतन आणि संवर्धन

मराठीच्या सांस्कृतिक व्यवहारात एक जोडी कायमची ठरून गेली आहे : जतन आणि संवर्धन. संस्थेच्या घटनेतले पहिले उद्दिष्ट, संमेलनातला ठराव, अनुदानाचा अर्ज, मंत्र्यांचे उद्घाटनाचे भाषण, सगळीकडे संस्कृतीचे जतनही व्हायचे असते आणि संवर्धनही. हे दोन शब्द इतके गळ्यात गळे घालून येतात की ते दोन आहेत हेच विसरायला होते. माझी हयात महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवण्यात गेली. आमच्या प्रयोगशाळेत ही दोन कामे वेगळी, किंबहुना एकमेकांच्या उलट. ज्या जिवाणूचे जतन करायचे त्याला वाळवतात, नाहीतर उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवतात. म्हणजे त्याची वाढ थांबवतात. ज्याचे संवर्धन करायचे त्याला ऊब आणि अन्न देतात. तो वाढतो, आणि जे वाढते ते पिढ्यांगणिक थोडे थोडे बदलते. एकाच नळीचे एकाच वेळी जतन आणि संवर्धन करता येत नाही.

त्या नळीतल्या वाढीलाही इंग्रजीत 'कल्चर'च म्हणतात. एका शब्दात दोन अर्थ नांदतात, आणि इंग्रजी वाचकाला त्याचे काही वाटत नाही. मराठी परिभाषाकारांनी मात्र घर वेगळे केले. समाजातले कल्चर ती 'संस्कृती', नळीतले कल्चर तो 'संवर्ध', आणि ते वाढवण्याची क्रिया 'संवर्धन'. म्हणजे 'संस्कृतीचे संवर्धन' हा आपला लाडका शब्दप्रयोग इंग्रजीत नेला तर 'कल्चरचे कल्चर' होईल! पण हसून सोडून देण्यासारखी ही गोष्ट नाही. या वाटणीत संस्कृतीकडे वैभव गेले आणि संवर्धाकडे कष्ट गेले, असे मला वाटते, आणि त्याचे परिणाम आपल्या संस्कृतिविचारात दिसतात.

'कल्चर'चे लॅटिन मूळ शेतीतले. जमीन कसणे, निगा राखणे हा त्याचा पहिला अर्थ. सिसेरोने इसवी सनापूर्वी ४५च्या सुमारास तत्त्वज्ञानाला मनाची मशागत म्हटले आणि शब्द शेतातून माणसात आला. पुढे टायलरने १८७१ साली त्यात ज्ञान, श्रद्धा, कला, नीती, कायदा, रूढी असे सगळे भरले. १९५२मध्ये क्रोबर आणि क्लक्हॉन या दोघा मानवशास्त्रज्ञांनी व्याख्या गोळा करायला घेतल्या तर त्या १६४ निघाल्या. एकोणिसाव्या शतकातल्या जंतुशास्त्रज्ञांनी मात्र शेतातलाच जुना अर्थ उचलला : बी टाका, खत-पाणी द्या, उगवते का बघा.

आपल्याकडे या शब्दाचा भाऊ शोधताना एक लक्षात घेण्यासारखा वाद झाला, तो बंगालीत. तिथे 'कृष्टि' हा शब्द पुढे आला होता. 'कृष्' म्हणजे नांगरणे. लॅटिन शब्दाशी इतका जवळचा दुसरा शब्द सापडणे कठीण. रवींद्रनाथांना तो मुळीच रुचला नाही. भाषाशास्त्रज्ञ सुनीतिकुमार चटर्जी यांनी १९२२ साली पॅरिसमध्ये एका मराठी मित्राकडून 'संस्कृति' हा शब्द या अर्थाने ऐकला, तो रवींद्रनाथांच्या कानावर घातला, आणि त्यांना तो पसंत पडला. बंगालला हा शब्द मराठीने पुरवला, म्हणून आपण कॉलर ताठ करायला हरकत नाही. पण कवीच्या कानाने दिलेल्या त्या निवाड्यात नांगर आणि ढेकळे बाहेर राहिली, हेही नोंदवले पाहिजे.

मुळात 'संस्कृती' हा शब्द काही इतका सोवळा नव्हता. त्याच्या पोटात 'करणे' आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात आहाराचा विचार करताना 'संस्कार' म्हणजे मूळ द्रव्यात दुसरे गुण आणणे, अशा अर्थाचे विवेचन येते, आणि ते गुण कशाने येतात याची यादी येते : पाणी, अग्नी, स्वच्छता, घुसळणे, जागा, काळ, भांडे. ही यादी मी वर्गात वाचून दाखवत असे, कारण आमच्या प्रयोगवहीतले रकाने जवळपास तेच असतात. रसशास्त्रात पाऱ्यावर अठरा संस्कार करतात तेही हाताने, खलात. संस्कृती म्हणजे केलेली गोष्ट, हा अर्थ आपल्याच भाषेत होता. तो पुढे सुटला, आणि संस्कृती ही मिळालेली, वारशाने आलेली, तिजोरीत असलेली गोष्ट झाली.

स्वयंपाकघराने मात्र स्वतःचा शब्द राखला : विरजण. चमचाभर कालचे दही आजच्या कोमट दुधात घालायचे, भांडे झाकून उबेला ठेवायचे, हलवायचे नाही. जंतुशास्त्राच्या पहिल्या तासाला आम्ही जे शिकवतो ते सगळे यात आहे. घरचे विरजण कधी एका जातीच्या जिवाणूचे नसते. त्यात निदान दोन-तीन प्रकार गुण्यागोविंदाने राहतात, आणि कोणत्या घरचे दही कसे लागते ते त्यावर ठरते. मराठी भाषा याच शब्दाकडे दुसऱ्या बाजूनेही बघते. 'आनंदावर विरजण पडले' असे आपण म्हणतो. दूध ज्याला दूधच राहायला हवे होते त्याच्या दृष्टीने विरजण हे संकट आहे. दही हवे असणाऱ्याच्या दृष्टीने तीच सोय. एकाच क्रियेचा आशीर्वाद आणि शाप असा दुहेरी अनुभव एका शब्दात धरणारी ही भाषा 'संस्कृती' म्हणताना मात्र एकेरी का होते, हे कोडे आहे.

या दोन्ही कल्चरांची मुंबईत एकदा समोरासमोर गाठ पडली होती. सप्टेंबर १८९६मध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. ऑक्टोबरात वाल्देमार हाफकिन कोलकात्याहून मुंबईत आला. ओडेसात जन्मलेला, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम केलेला हा ज्यू शास्त्रज्ञ ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या अपुऱ्या जागेत प्लेगचा जंतू वाढवू लागला. १० जानेवारी १८९७ रोजी त्याने आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली. भायखळ्याच्या तुरुंगातली चाचणी नंतरची.

मला त्या लसीपेक्षा त्या लसीच्या अन्नाविषयी बोलायचे आहे. युरोपात जंतूंसाठी मटनाचा रस्सा करावा तसा गोमांसाचा काढा करीत. हाफकिनने बोकडाचे मांस वापरले. जंतूला त्याचे काही सोयरसुतक नव्हते. ज्यांच्या दंडात ती लस जायची त्या हिंदू-मुसलमानांना होते. त्या काढ्यावर तो थोडे तूप नाहीतर तेल तरंगत ठेवी. तुपाच्या थेंबांना धरून प्लेगचा जंतू खाली लोंबत वाढे, गुहेच्या छतावरून चुनखडीचे सुळके लोंबतात तसा. मधूनमधून चंबू हलवायचा की सुळके तळाशी पडत आणि वर नवी वाढ सुरू होई. साधारण महिना-सहा आठवड्यांनी तापवून जंतू मारायचे, थोडे कार्बोलिक आम्ल घालायचे आणि बाटल्या भरायच्या. बोकड आणि तूप! मुंबईच्या समाजातली संस्कृती त्या चंबूतल्या कल्चरमध्ये अन्न म्हणून उतरली होती. प्रयोगशाळा ही समाजाबाहेरची निर्विकार खोली असते असे मानणाऱ्यांनी हा चंबू डोळ्यांपुढे आणावा.

बाहेर काय चालले होते ते आपल्याला ठाऊक आहे. ऑक्टोबर १८९६मध्ये गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. पुण्यात घरझडत्या झाल्या, देवघरात आणि माजघरात बूट शिरले, आणि २२ जून १८९७च्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली. या इतिहासाचे वाचन आपण बहुधा 'विज्ञान विरुद्ध संस्कृती' असे करतो. राष्ट्रवादी लेखक त्यात संस्कृतीची बाजू घेतात, सुधारणावादी विज्ञानाची. मला दोन्ही वाचने तोकडी वाटतात. रँडच्या सोजिरांकडेही काही विज्ञान नव्हते. होती ती सत्ता. आणि हाफकिनच्या चंबूत, कुणी मागितले नसताना, लोकांच्या शिवाशिवीचा आणि खाण्यापिण्याचा विचार होता. त्याच्या माध्यमाची निवड हे त्या वर्षातले सर्वांत शहाणे सांस्कृतिक भाष्य होते, असे मी म्हणेन.

त्याच हाफकिनवर दूषिताचा आळ आला. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबात मुलकोवाल गावी लस टोचलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. ते सगळे एकाच बाटलीतून टोचलेले. चौकशीने ठपका मुंबईच्या प्रयोगशाळेवर ठेवला, हाफकिनला बाजूला व्हावे लागले. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, हे कागदोपत्री असूनही त्याला निर्दोष ठरायला १९०७ उजाडले. ज्यू म्हणून त्याला वेगळा न्याय लागला का, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. परळच्या त्या प्रयोगशाळेला १९२५मध्ये त्याचे नाव दिले.

मुलकोवालमधली ती बाटली आपल्याला 'शुद्ध' या शब्दापाशी आणते. दोन्ही कल्चरांत हा शब्द चालतो आणि दोन्हीकडे त्याचा अर्थ वेगळा. प्रयोगशाळेत 'शुद्ध संवर्ध' म्हणजे एकाच प्रकारचा जिवाणू, दुसरा कुणी नाही. रोबर्ट कॉखने बटाट्याच्या कापांवर, मग जिलेटिनवर वेगवेगळ्या वसाहती वाढवून ते साधले. जिलेटिन उन्हाळ्यात वितळे. तेव्हा त्याच्या सहकाऱ्याची, वाल्थर हेसेची, पत्नी फॅनी हेसे हिने अगर सुचवले, जे ती जेली करताना स्वयंपाकात वापरत असे. आपल्याकडे दुकानात 'चायना ग्रास' म्हणून मिळते तेच. कॉखने १८८२च्या क्षयाच्या निबंधात अगरचा उल्लेख केला, बाईंचा केला नाही. असो. मुद्दा असा की शुद्ध संवर्ध निसर्गात भेटत नाही. मातीत, आतड्यात, नदीत जिवाणू नेहमी मिसळून राहतात, आणि मातीतले बहुसंख्य आमच्या बशीत वाढायलाच तयार नसतात. शुद्धता ही मूळची अवस्था नसते. ती आग, काच आणि सततचा पहारा यांनी घडवलेली, तात्पुरती, कामापुरती अवस्था असते. झाकण उघडे राहिले की संपली.

समाजातली शुद्धता नेमकी उलट दावा करते : आम्ही मुळात शुद्ध होतो, इतरांनी बाटवले. २० मार्च १९२७ रोजी महाडला डॉ. आंबेडकर आणि त्यांचे अनुयायी चवदार तळ्याचे पाणी प्यायले. त्यानंतर गावातल्या सवर्णांनी तळ्याची 'शुद्धी' केली. शेण, गोमूत्र, दूध आणि दही यांच्या १०८ घागरी तळ्यात ओतल्या. सूक्ष्मजीवशास्त्राच्या कोणत्याही विद्यार्थ्याला विचारा, शेण आणि दही पाण्यात टाकणे म्हणजे काय. त्याला आमच्याकडे निवेशन म्हणतात; बी पेरणे. तळ्याच्या पाण्यात जिवाणूंची संख्या त्या दिवशी वाढली असणार यात शंका नाही, आणि ती ओंजळीने पाणी पिणाऱ्यांमुळे वाढली नव्हती. हा पुरावा तेव्हा कुणी पुढे केला असता तरी काही फरक पडला नसता, कारण तिथे पाण्याचा प्रश्नच नव्हता. पण 'शुद्ध' हा शब्द दोन घरांत वाटला गेल्याने काय निसटते, ते इथे दिसते. कोणत्या माणसाच्या घरचे विरजण चालते आणि कोणाच्या हातचे पाणीही चालत नाही, या हिशेबाला आपण 'संस्कृती' म्हणत आलो, आणि ते ठरवणाऱ्या हाताकडे बोट दाखवायला आपल्या शब्दात जागा उरली नाही.

आता जतनाकडे वळतो. कॅल्मेट आणि गेरँ या दोघांनी फ्रान्समध्ये लिल येथे १९०८पासून गाईच्या क्षयाचा जंतू पित्त घातलेल्या बटाट्यावर वाढवायला घेतला. दर तीन आठवड्यांनी जुन्या वाढीतला अंश नव्या कापावर. अशा सुमारे २३० फेऱ्या, १३ वर्षे. मध्ये एक महायुद्ध होऊन गेले. इतके आयते खाऊन तो जंतू रोग करण्याची ताकद गमावून बसला, आणि १९२१मध्ये लस म्हणून वापरता आला. तीच बीसीजी. आपल्यापैकी पुष्कळांच्या डाव्या दंडावर तिचा वण आहे. पुढची हकिकत मात्र फारशी सांगितली जात नाही. ही लस जगभरच्या प्रयोगशाळांना वाटली गेली आणि प्रत्येकीने ती निष्ठेने, तशीच, फेऱ्या घालून जिवंत ठेवली. काही दशकांनी पाहतात तो पॅरिसची, कोपनहेगनची, टोकियोची, रशियाची बीसीजी एकमेकींपासून वेगळ्या झालेल्या. कुणी भेसळ केली नव्हती. प्रत्येकाने परंपराच चालवली होती. मग १९६०च्या दशकात गोठवून वाळवलेले मूळ साठे करण्याची पद्धत आली आणि पुढचा बदल थोपला. भारतात प्रामुख्याने वापरली गेली ती डेन्मार्कची १३३१ क्रमांकाची. मूळ, पहिली बीसीजी आज कुठेही नाही. आहेत त्या तिच्या लेकी.

हे वाचून मी आपल्या संस्कृतिग्रंथांच्या शीर्षकांकडे पुन्हा पाहतो. १९५१ हे एकच साल, आणि दोन मराठी पुस्तके : तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांचे 'वैदिक संस्कृतीचा विकास' आणि इरावती कर्वे यांचे 'मराठी लोकांची संस्कृती'. तर्कतीर्थांच्या शीर्षकात वाढ आहे, इरावतीबाईंच्या शीर्षकात लोक आहेत. ही किती मोठी गोष्ट आहे! दशकभराने महादेवशास्त्री जोशी 'भारतीय संस्कृतिकोश' काढू लागले, दहा खंडांचा, आणि त्याचे आपल्यावर उपकारच आहेत. पण कोश हे जतनाचे पात्र आहे. तो द्रवरूप नायट्रोजन आहे. माझी तक्रार कोशाबद्दल नाही. पुढच्या पिढीने कोशातली नोंद हीच जिवंत संस्कृती समजून, रस्त्यावर जे दिसते ते नोंदीशी जुळत नाही म्हणून त्याला 'ऱ्हास' म्हणायला सुरुवात केली, त्याबद्दल आहे. आपल्या नियतकालिकांतले निम्मे सांस्कृतिक लेखन ही गोठवलेल्या नळीने वाढत्या नळीवर केलेली टीका असते. (यात दिवाळी अंकही आले.)

आणखी एक गोष्ट आम्हाला प्रयोगशाळेत सक्तीची असते : चिठ्ठी. नळीवर नाव, तारीख, माध्यम, कितवी फेरी, कुठून आणले. ती नसेल तर नळी फेकून देतात. या नियमाचा सर्वांत लाजिरवाणा भंग 'हेला' पेशींच्या बाबतीत झाला. १९५१मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतला तुकडा तिला न विचारता घेतला गेला. ऑक्टोबरात ती ३१ वर्षांची असताना गेली. तिच्या पेशी मात्र काचेत वाढत राहिल्या, आजही वाढताहेत, पुण्याच्या विद्यापीठाच्या आवारातल्या पेशीसंग्रहातही आहेत. चिठ्ठीवर तिच्या नावाची दोन-दोन अक्षरे राहिली आणि बाहेर 'हेलन लेन' हे खोटेच नाव पसरले. कुटुंबाला कळले ते १९७०च्या दशकात. रिबेका स्क्लूटच्या २०१०च्या पुस्तकाने ही कथा जगापुढे नेली, आणि त्या पुस्तकाचे यश मला यात वाटते की ते 'कल्चर'चे दोन्ही अर्थ वेगळे होऊ देत नाही. पेशी कोणत्या रसात वाढल्या आणि ती बाई कोणत्या तंबाखूच्या शेतातून, कोणत्या वेगळ्या वॉर्डात आली, हे एकाच दमात येते. १९६६मध्ये स्टॅनली गार्टलर यांनी दाखवले की निरनिराळ्या माणसांच्या म्हणून वापरात असलेल्या १८ पेशीवंशांत एकच खूण सापडते, आणि ती जवळजवळ फक्त आफ्रिकी वंशाच्या लोकांत असते. म्हणजे हेलाने इतरांच्या नळ्या व्यापल्या होत्या. वंशशुद्धीच्या वेडाने झपाटलेल्या देशात गोऱ्यांच्या म्हणून लेबल लावलेल्या नळ्यांत एक काळी स्त्री निघाली.

आपल्या सांस्कृतिक ठेव्यावर अशा चिठ्ठ्या किती आहेत? कोणाच्या घरातली ओवी, कोणत्या जातीच्या बाईने सांगितलेली, कोणी उतरवून घेतली, तिला काय मिळाले. दुर्गाबाई भागवतांसारखे अभ्यासक सोडले तर लोकसाहित्याच्या पुष्कळ संग्रहांत संकलकाचे नाव मुखपृष्ठावर असते आणि गाणारणीचे कुठेच नसते.

इथवर मी प्रयोगशाळेची बाजू उचलून धरली, पण तिला एक मर्यादा आहे आणि ती साधी नाही. बशीच्या बाहेर तारेचा लूप धरलेला एक माणूस असतो. समाजाच्या बाहेर असे कोणी नसते. समाजाला बशी म्हणणारा स्वतःला गुपचूप त्या लूपवाल्याच्या जागी बसवतो, आणि मग काही माणसे त्याला वसाहत दिसतात, काही दूषित. नाझी प्रचाराने ज्यूंना जंतू म्हटले ते याच वाटेने. हाफकिन १९३०मध्ये वारला, त्याला ते पुरते पाहावे लागले नाही. म्हणून जंतुशास्त्रातून समाजाकडे येताना शुद्धीकरण नव्हे, फक्त प्रश्न आणावेत : अन्न कोणाचे, हात कोणाचा, चिठ्ठीवर काय लिहिले आहे, आणि आपण गोठवतो आहोत की वाढवतो आहोत.

शेवटचा प्रश्न किती व्यवहारातला आहे ते सिंधुदुर्गात कळते. दशावतारातले संवाद लिहिलेले नसतात. आख्यान ठरते, आणि राजा, राक्षस, नारद रंगमंचावर उभ्याउभ्या बोलतात. पखवाज आणि हार्मोनियम त्यांना सांभाळून घेतात. म्हणजे प्रत्येक रात्र नवी फेरी. गेल्या काही दशकांत 'ट्रिकसीन'चे दशावतार आले : धूर, उडणारी पात्रे, रंगीत दिवे. जाणकारांना ते आवडत नाहीत, जत्रेतल्या माणसांना आवडतात. अनुदानाच्या अर्जात मात्र 'पारंपरिक दशावताराचे जतन व संवर्धन' असे एकाच ओळीत लिहावे लागते. जतन हवे असेल तर चांगल्या कंपन्यांची पूर्वरंगासकट, संकासुरासकट, रात्रभराची ध्वनिचित्रमुद्रणे करावीत, नटांची नावे नीट लिहावीत आणि ती कुठेतरी थंड, कोरड्या जागी ठेवावीत. त्याचा खर्च वेगळा आहे, माणसे वेगळी आहेत. संवर्धन हवे असेल तर हंगामातल्या रात्रींचे पैसे नटाला वेळेवर मिळावेत, आणि त्याने त्या पैशांतून धुराचे यंत्र घेतले तर कपाळाला आठी घालू नये. अर्जात या दोन कामांसाठी दोन रकाने असावेत, एवढी दुरुस्ती सुचवून मी थांबतो.